शिशाची साक्ष : कार्ल्याचे लेणे, ध्रुवावरचे बर्फ आणि आग्या मोहोळ

देहूरोडच्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. ही तारीख आपल्या मावळात घरोघरी पाठ आहे. त्या दिवशी तेथे हजर असलेल्या माणसांनी ती मुलांना सांगितली, मुलांनी नातवंडांना सांगितली. परंतु कार्ल्याचे लेणे कोरले जात असताना हजर असलेला माणूस आपणांस कोठून भेटणार? मग ते दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे हे ठरविले कोणी, आणि कशावरून?

हा प्रश्न आमचा नव्हे. संस्थेच्या एका सहलीत आठवीतल्या एका मुलीने तो विचारला. आम्ही ठरलेले उत्तर दिले, "पुस्तकात तसे दिले आहे." त्यावर ती म्हणाली, "पण पुस्तक लिहिणाऱ्याला कोणी सांगितलं?" आम्ही निरुत्तर झालो आणि मुलांना डबे सोडायला सांगितले! स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा तिला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर प्रथम आठवले. ते शोधता शोधता आम्ही कार्ल्याहून पार उत्तर ध्रुवाजवळच्या ग्रीनलंडपर्यंत जाऊन पोहोचलो, आणि परत येताना वाटेत मधमाश्यांनी गाठले. वाचकांनी हा वळणावळणाचा घाट आमच्याबरोबर चढावा, ही विनंती.

प्रथम लेण्याकडे वळू. कार्ल्याचा चैत्य सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि ४६ फूट उंच आहे. कातळात कोरलेला एवढा मोठा चैत्य भारतात दुसरा नाही. त्याच्या छताला ज्या लाकडी कमानी दिसतात त्या मूळच्याच, म्हणजे लेण्याच्या काळच्या आहेत. भिंतींवर आणि स्तंभांवर धम्मलिपीत, म्हणजे जिला आपण ब्राह्मी म्हणतो त्या लिपीत, लेख कोरलेले आहेत. ही लिपी वाचण्याची विद्या कित्येक शतके लोप पावली होती. जेम्स प्रिन्सेप याने १८३७ मध्ये ती पुन्हा उलगडली, तेव्हा कोठे हे दगड बोलू लागले.

ते काय बोलतात? वैजयंतीचा भूतपाल नावाचा श्रेष्ठी सांगतो की जंबुद्वीपातील हे सर्वोत्तम शैलगृह आपण पूर्णत्वास नेले. पण हे लेणे एकट्या श्रेष्ठीचे नाही. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने दाराचे काम केले, आणि त्याचे नाव बापाच्या नावासह तेथे कोरलेले आहे. त्याच गावच्या सिंहदत्त नावाच्या गंध्याचे, म्हणजे अत्तरे-सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे, दान आहे. सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाने स्तंभ दिला. भाणक म्हणजे धम्मग्रंथ मुखोद्गत करून म्हणणारा भिक्खू. आणि काही स्तंभांवर दात्याच्या नावामागे एक शब्द येतो, 'यवन'. सिहधय नावाचा यवन, धम्म नावाचा यवन. हे धेनुकाकट नेमके कोठे होते यावर विद्वानांचे एकमत नाही. यवन म्हणजे ग्रीक, की पश्चिमेकडून आलेला कोणीही व्यापारी, यावरही वाद आहे. पण समुद्रापलीकडच्या जगाशी नाते सांगणारी माणसे मावळातल्या डोंगरात येऊन स्तंभदान करीत होती, एवढे निश्चित. शेजारच्या बेडसे लेण्यात सामडिनिका नावाच्या स्त्रीने पाण्याचे टाके खोदवून दिल्याचा लेख आहे. वास्तविक पाण्याचे दान देणाऱ्या बाईचे नाव आपल्या मुलींना राजांच्या नावांआधी सांगायला हवे. असो.

आता काळाचा प्रश्न. लेखात संवत्सर दिलेले असले तरी ते बहुधा राजाच्या कारकिर्दीचे असते. त्यामुळे राजा कोण हे पाहावे लागते. कार्ल्याच्या लेखांत उषवदात येतो. हा क्षत्रप नहपानाचा जावई. त्याने वलूरक येथील लेण्यांत राहणाऱ्या भिक्खूंसाठी करजिक गाव दिले. वलूरक हे कार्ल्याचे जुने नाव. पुढे सातवाहनांचा हुकूम येतो, तो मामाल येथील अधिकाऱ्याला उद्देशून आहे. आपले 'मावळ' हे नाव त्या मामालापासून आले असे मानले जाते. नहपानाचा पराभव गौतमीपुत्र सातकर्णीने केला, याचा पुरावा १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे हाती आला. तेथे नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी एका ठिकाणी सापडली आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा शिक्का मारला होता. शिक्क्यावर शिक्का! कोण आधी आणि कोण नंतर, हे सांगायला याहून साधा पुरावा कोणता? अशा प्रकारे अक्षरांचे वळण, राजांची नावे, नाणी आणि परदेशी प्रवाशांच्या नोंदी एकमेकांशी ताडून इसवी सनाचे पहिले शतक आणि त्याच्या मागचा-पुढचा काळ, असा कार्ल्याच्या चैत्याचा काळ ठरविला गेला.

याच उषवदाताचा नाशिकच्या लेण्यातील एक लेख संस्थेच्या खजिनदारांना आवडेल असा आहे. त्याने विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले, व्याज दरमहा शेकडा एक. मूळ रकमेला हात लावायचा नाही. व्याजातून लेण्यात राहणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे. विद्यार्थ्यांनी गणित करून पाहावे. दोन हजारांवर वर्षाचे व्याज २४०, आणि वीस गुणिले बारा बरोबर २४०. एका पैचीही तफावत नाही. आपल्या मुदत ठेवींचा ताळेबंद असा जुळला तर वार्षिक सभा निम्म्या वेळात आटोपेल.

हे कार्षापण चांदीचे. एवढी चांदी आली कोठून? आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळात चांदीच्या खाणी नाहीत. त्या काळात भडोच, सोपारे, कल्याण या बंदरांतून रोमन साम्राज्याशी मोठा व्यापार चाले. 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या टिपणात भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत मद्य, तांबे, कथील, पोवळे यांबरोबर चांदीची नाणी आहेत आणि शिसेही आहे. प्लिनी हा रोमन लेखक कुरकुर करतो की हिंदुस्थान दरवर्षी आमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. तोच लिहितो की भारतात तांबे व शिसे नाही, तेथील लोक त्यांच्या बदल्यात मोती आणि रत्ने देतात. त्याचे हे म्हणणे सर्वस्वी खरे नाही, पण व्यापाराचा वारा कोणत्या दिशेने वाहत होता हे त्यावरून कळते. नहपानाच्या नाण्यांसाठी रोमन चांदी वितळविली गेली असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. सातवाहनांनी तर शिशाचीच नाणी पाडली. अशी नाणी आपल्या वस्तुसंग्रहालयांत पाहावयास मिळतात.

येथून आमची वाट ग्रीनलंडकडे वळते.

चांदी आणि शिसे या बहिणी आहेत. प्राचीन काळी बहुतेक चांदी शिशाच्या धातुकातूनच काढीत. धातुक भट्टीत वितळवायचे, मग त्यावर भात्याने वारा घालून शिसे जाळून वेगळे करायचे, तळाशी चांदीचा गोळा राहतो. थोड्याशा चांदीसाठी पुष्कळ शिसे जाळावे लागे. त्याचा धूर आकाशात जाई. स्पेनमधील रोमन खाणींवरचा हा धूर वाऱ्याबरोबर उत्तरेला गेला आणि ग्रीनलंडच्या बर्फावर हिमाबरोबर उतरला. तेथे पडलेले हिम वितळत नाही. दरवर्षीचा थर मागच्या वर्षाच्या थरावर बसतो, दबतो आणि त्याचे बर्फ होते. हजारो वर्षांच्या वह्या एकावर एक रचून ठेवाव्यात तसे हे थर आहेत. शास्त्रज्ञ पोकळ गिरमिटाने खोल छिद्र पाडून बर्फाचे लांब दंडगोल बाहेर काढतात, थर मोजून वर्षे ठरवितात आणि बर्फ थोडे थोडे वितळवून त्यात काय आहे ते तपासतात.

१९९४ मध्ये जाहीर झालेल्या संशोधनाने दाखविले की ग्रीक-रोमन काळात ग्रीनलंडच्या बर्फातील शिसे नैसर्गिक प्रमाणाच्या सुमारे चौपट झाले होते. २०१८ मध्ये त्याहून बारीक मोजणी प्रसिद्ध झाली. इसवी सनपूर्व ११०० पासून इसवी सन ८०० पर्यंतच्या बर्फातून युरोपातील शिशाच्या धुराचा वर्षावर्षाचा आलेख काढला गेला. लढाया आणि यादवी झाली की धूर कमी. साम्राज्य स्थिर झाले की धूर वाढलेला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, १६५ च्या सुमारास रोममध्ये मोठी साथ आली, तेव्हा हा धूर एकदम खाली आला आणि पुढे पाचशेहून अधिक वर्षे वर उठला नाही. त्याच सुमारास रोमन नाण्यांतील चांदीही घटत गेली. उत्तरेकडच्या निर्जन बर्फात साम्राज्याची खतावणी लिहिली जात होती, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता!

येथे सावधपणे बोलले पाहिजे. कार्ल्याचा अमुक स्तंभ अमुक खाणीच्या चांदीतून उभा राहिला, असे कोणी सिद्ध केलेले नाही आणि आम्हीही तसे म्हणत नाही. काळ एक, व्यापाराची साखळी एक, एवढेच म्हणता येते. मात्र एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. कार्ल्याला दान देणाऱ्या सुताराचे नाव दगडावर आहे. ज्यांनी ती चांदी खणली त्या स्पेनच्या खाणींत प्रामुख्याने गुलाम राबत. त्यांची नावे कोठल्याच दगडावर नाहीत. त्यांच्या भट्टीचा धूर तेवढा बर्फात राहिला. ज्यांना इतिहासात जागा मिळाली नाही अशांच्या घरातून आलेले आपण लोक. आपल्याला तरी हा आलेख नुसत्या आकड्यांचा वाटू नये.

बर्फातील शिसे प्रथम नीट मोजणारा माणूस म्हणजे क्लेअर पॅटरसन हा अमेरिकन शास्त्रज्ञ. मुळात तो पृथ्वीचे वय काढू पाहत होता, आणि १९५६ मध्ये त्याने अशनीतील शिशाच्या आधारे ते सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे दाखविले. पण हे काम करताना प्रयोगशाळेत जिकडेतिकडे शिसेच सापडू लागले. हवेत, धुळीत, माणसाच्या केसांत. त्याने खोली धुऊनपुसून काढली, तरी शिसे येतच राहिले. ते पेट्रोलमधून येत होते. इंजिन ठोके न देता चालावे म्हणून त्या काळी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळीत. पॅटरसन ग्रीनलंडला गेला, जुने-नवे बर्फ तपासले. १९६९ मध्ये त्याने व सहकाऱ्यांनी जाहीर केले की इसवी सनपूर्व ८०० च्या बर्फाच्या तुलनेत १९६५ च्या बर्फात शिसे सुमारे २०० पटींनी वाढले आहे, आणि सर्वांत मोठी वाढ १९४० नंतरची आहे. रोमनांचा चौपट धूर त्यापुढे किरकोळ ठरला. पेट्रोलमध्ये शिसे घालून पैसा मिळविणाऱ्यांना हे कसे रुचावे? त्याला मिळणारी काही मदत बंद झाली, पण तो मागे हटला नाही. पुढे अमेरिकेत शिशाचे पेट्रोल घटत गेले आणि ग्रीनलंडच्या नव्या हिमातील शिसेही घटले. भारतात ते १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाले; जगातला शेवटचा पंप २०२१ मध्ये अल्जीरियात थांबला. तोवर आपल्या खंडाळ्याच्या घाटात पहिल्या गिअरवर चढणाऱ्या प्रत्येक पेट्रोलच्या गाडीने आपला वाटा हवेत सोडलेला होताच.

दक्षिण ध्रुव तरी सुटला का? नाही. अंटार्क्टिकाच्या बर्फात कारखान्यांचे शिसे १८८९ मध्येच पोहोचले होते. ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल येथील खाणींची खूण त्यात ओळखू येते. आमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोहोचला तो डिसेंबर १९११ मध्ये. म्हणजे माणसाच्या बावीस वर्षे आधी माणसाची घाण तेथे दाखल झाली. भारताची मैत्री आणि भारती ही संशोधन केंद्रे अंटार्क्टिकात आहेत, आणि त्यांचे काम गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्थेतून चालते. विज्ञान शाखेच्या आपल्या मुलांनी हे नाव वहीत लिहून ठेवावे. मराठी माणसाला ध्रुवावर जायला गोव्यातून वाट आहे.

आता कोणी विचारील, एवढेसे शिसे, त्याची एवढी धास्ती कशाला? शिसे शरीरात गेले की ते मेंदूवर घाव घालते आणि लहान मुलांवर अधिक. १९७९ मध्ये अमेरिकेत नीडलमन या डॉक्टरांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतील शिसे मोजले. ज्यांच्या दातांत शिसे जास्त, ती मुले बुद्धीच्या चाचण्यांत आणि वर्गातील लक्ष देण्यात मागे पडलेली आढळली. बाहेरून ती आजारी दिसत नव्हती. जागतिक आरोग्य संघटना आता स्पष्ट सांगते की शिशाची निर्धोक अशी मात्राच नाही. २०२० मध्ये युनिसेफच्या अहवालाने जगातील तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात धोकादायक प्रमाणात शिसे असल्याचे म्हटले. आपल्याकडे घराच्या रंगातील शिशावर १ नोव्हेंबर २०१७ पासून बंधन आले, दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको. पण भिंतींवरचे जुने पोपडे तसेच आहेत. हळदीला पिवळीधमक चकाकी यावी म्हणून शिशाचा रंग चोळण्याची भेसळ उघडकीस आली आहे. आणि सर्वांत वाईट म्हणजे जुन्या बॅटऱ्या घराच्या अंगणात फोडून शिसे गाळण्याचे काम. दिवसाचे चार पैसे मिळतात म्हणून हे करणाऱ्या भावांना आमचे हात जोडून सांगणे आहे, निदान मुले खेळतात तेथे तरी हे करू नका, आणि त्या कामाचे कपडे घालून लेकराला उचलून घेऊ नका. ज्या मुलाच्या शिक्षणासाठी तुम्ही राबता, त्याच्याच डोक्यात ते शिसे जाते. 'शिका' हा बाबासाहेबांनी दिलेला पहिला शब्द. शिकण्याचे साधनच कोणी बोथट करीत असेल, तर तो आरोग्य खात्याचा विषय म्हणून सोडून देता येणार नाही.

मधमाश्यांचे राहिले.

काही वर्षांपूर्वी लेण्यावर वंदनेच्या वेळी आमच्यातील एका जाणत्या कार्यकर्त्याने मूठभर उदबत्त्या एकदम पेटविल्या. धूर सरळ वर गेला. वर कड्याला आग्या मोहोळ आहे हे कोणी पाहिलेच नव्हते. पुढचे सांगायला नको. सदर कार्यकर्ते प्रस्तुत लेखाच्या लेखकांपैकीच एक आहेत, एवढे नमूद करून पुढे जातो. तेव्हा आम्ही माश्यांना पुष्कळ शिव्या दिल्या. वाचन झाल्यावर मात्र मत बदलले.

आग्या माशी झाकलेल्या ढोलीत राहत नाही. कड्याला किंवा उंच झाडाला एकच मोठे पोळे उघड्यावर लटकते, आणि हजारो माश्यांचा थर त्याच्यावर पांघरुणासारखा असतो. गांधीलमाशी जवळ आली की पोळ्याच्या पृष्ठभागावर एक लाट सरकन पसरते. प्रत्येक माशी आपापल्या जागी पोट वर उचलते, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच लाट या टोकाची त्या टोकाला जाते. शत्रू गोंधळून मागे फिरतो. फुलोरा सापडलेली माशी परत येऊन पोळ्यावर नाचते. नाचाच्या रेषेचा कल सूर्यापासूनची दिशा दाखवितो, आणि थरथर किती वेळ चालते त्यावरून अंतर कळते. ही भाषा कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडली. त्यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आग्या माश्या चांदण्या रात्रीसुद्धा मध गोळा करायला बाहेर पडतात. २०१८ मध्ये पाळीव मधमाश्यांवरच्या प्रयोगांत असे दिसले की 'काही नाही' हे एकापेक्षा लहान आहे, हेही त्या ओळखू शकतात. शून्य आपणच जगाला दिले म्हणून छाती फुगविणाऱ्यांनी हे जरूर वाचावे! आणि आग्या माश्यांच्या वसाहती ऋतू बदलला की स्थलांतर करून पुन्हा त्याच झाडावर, त्याच कड्यावर येतात. कामकरी माशीचे आयुष्य तर काही आठवड्यांचे. मग ती जागा लक्षात ठेवते कोण? याचे पूर्ण उत्तर शास्त्रज्ञांनाही मिळालेले नाही.

या माश्या आमच्या विषयात आल्या त्या शिशामुळेच. २०१९ च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला आग लागली आणि छपरावरचे शेकडो टन शिसे आगीत सापडले. काही महिन्यांनी धुराच्या वाटेवरच्या पोळ्यांतील मध तपासला, तेव्हा त्यात शिसे वाढलेले आढळले. मध खाण्यास अपायकारक नव्हता, पण नोंद झाली होती. बर्फ लिहून ठेवते, दुधाचा दात लिहून ठेवतो, तसा मधही. आणि २०२१ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी मधमाश्यांना साखरपाण्यातून अगदी अल्प शिसे देऊन पाहिले. त्यांची शिकण्याची शक्ती मंदावली, विशेषतः आधी शिकलेले बदलून नवे शिकताना त्या अडखळू लागल्या; डोकीही लहान राहिली. हे वाचताना आम्हाला नीडलमन यांच्या वर्गातली मुले आठवली.

या वर्षीच्या सहलीत ती मुलगी पुन्हा होती, आता दहावीत. उदबत्त्या, अत्तर आणि फटाके घरी ठेवावेत असे सूचनापत्रकात आधीच छापले होते. चैत्यात गेल्यावर आम्ही तिला बॅटरी दिली. अक्षरांवर उजेड समोरून टाकला तर काही दिसत नाही. भिंतीला चिकटून बाजूने, तिरपा टाकावा लागतो, मग खोदलेल्या रेषांत सावली भरते. आणि बोट अक्षरावर फिरवायचे नाही, कितीही मोह झाला तरी. धम्मलिपीतला 'य' नांगरासारखा दिसतो, होडीच्या. 'व' म्हणजे गोलावर उभा दांडा. 'न' म्हणजे आडव्या रेघेवर उभी रेघ. तिने बॅटरी खाली-वर केली, दोन स्तंभ सोडले, तिसऱ्यापाशी थांबली, आणि मोठ्याने वाचले, "य... व... न..."